ठकीचा सुळा

मांजर भुकेलेलं असतं, ताटलीपाशी येतं, वास घेतं, तोंड खाली नेतं आणि एकदम चटका बसल्यासारखं मागं सरतं. मग ताटलीकडे रागानं बघत बसतं. याला लोक नखरे म्हणतात. गेली कित्येक वर्षं मी लोणावळ्यात जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करते आहे, आणि आठवड्यातून एकदा तरी कुणी बाई मांजराला पिंजऱ्यात घालून येते आणि म्हणते, "हल्ली फार चोखंदळ झालाय हो आमचा." मी ऐकून घेते, त्याचा ओठ वर उचलते आणि बाईंना वाकून आत बघायला लावते. चोखंदळपणा तिथं हिरडीवर लालभडक दिसत असतो. मांजराच्या तोंडात असं बघायला मला माझ्या बापानं शिकवलं. त्याला मात्र ते शिकवायचं नव्हतं, आणि आपण शिकवलं हे त्यानं शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

आमचं घर मळवलीला, स्टेशनापासून दहा मिनिटांच्या चालीवर, भाताच्या खाचरांच्या कडेला. तीन खोल्या आणि त्यांना लागून गोठा. मधली भिंत छातीएवढीच होती, त्यामुळे आमची चूल आणि बैलांची गव्हाण यांच्यात काही गुपित राहत नसे. आम्ही जेवायला बसलो की पलीकडून दोन बैलांचं रवंथ ऐकू यायचं, आणि तव्यावर भाकरी फुगली की पाखऱ्या भिंतीवरून ओलं नाक पुढं काढायचा. घाटाकडे मालगाडी गेली की फळीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची आणि आत्या न चुकता म्हणायची, "गेली मेली." आत्या म्हणजे आबांची, माझ्या वडलांची, थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरी आली ती कायमची. आई जवळच्या एका बंगल्याची देखभाल करायची. झाडलोट, बागेला पाणी, आणि मालक आले की त्यांच्या चहापाण्याचं बघणं. घरात तांदळाची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि आठवड्यातून दोनदा सुकटीचं कालवण. सुकट भाजायला घेतली की वास स्टेशनापर्यंत जातो असं आबा म्हणायचे. ते खरं नव्हतं, पण ठकीपर्यंत मात्र नक्की जायचा, मग ती कुठंही असो.

ठकी आमची मांजर. अंगावर तांबडे-काळे डाग, अर्धं तोंड तांबडं, अर्धं काळं. लाडाकोडासाठी आमच्याकडे काहीच पाळलं जात नसे. ठकी होती ती कणग्यांसाठी. माजघरात शेणानं सारवलेल्या दोन मोठ्या कणग्यांत वर्षाचा भात असायचा, आणि उंदरांना त्याची आमच्याइतकीच माहिती होती. ठकीनं उंदीर मारायचे आणि त्याबदल्यात चुलीजवळ बसायचं, असा करार होता. दुधाच्या भांड्यात तोंड घालायचं नाही हेही त्यात होतं, पण ते कलम ठकीनं कधी पाळलं नाही.

आबांची सगळ्या पंचक्रोशीत ख्याती होती ती बैलाचे दात बघण्याबद्दल. कुणाला बैल घ्यायचा असला की तो आधी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि आबांना बाजाराला घेऊन जायचा. आबा बैलाजवळ जायचे, डाव्या हातानं त्याचं नाक धरायचे आणि उजव्या हाताचा अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवायचे. तिथं, पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू होतात त्याच्यामध्ये, बैलाला मोकळी जागा असते. तिथं अंगठा दाबला की जनावर आपण होऊन तोंड उघडतं. मग खालचा ओठ ओढून एक नजर टाकायची आणि दातांवरून वय सांगायचं. आदत म्हणजे अजून दुधाच्याच दातांचा, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. आबांच्या तोंडून एक शब्द निघायचा आणि व्यापारी गप्प व्हायचा. मी लहानपणापासून हे ओट्यावरून, गोठ्यातून, भिंतीवरून बघत आले. एकदा म्हटलं, मला बघू द्या की. आबा म्हणाले, "बाईमाणसानं बैलाच्या तोंडात हात घालायचा न्हाई. बैल मऊ पडतो." बैलाचं शेण काढायचं, त्याला पाणी पाजायचं, त्याच्यासाठी वैरण डोक्यावरून आणायची, यानं बैल मऊ पडत नव्हता. फक्त तोंडात हात घातल्यानं पडत होता. पण आबा शेतावर गेले की मी पाखऱ्याच्या तोंडात अंगठा घालून बघायचे. पाखऱ्या सहा दाती होता आणि मऊ वगैरे काही पडला नाही.

त्या साली शिमग्याच्या सुमारास ठकीनं दुधाच्या चरवीत तोंड घातलं आणि आबांनी हातात होती ती अधोली तिच्यावर फेकली. अधोली म्हणजे भात मोजायचं लाकडी माप, वर लोखंडी पट्टी बसवलेलं. ती ठकीच्या तोंडावर बसली. ठकी एकदाच ओरडली आणि माळ्यावर गेली ती दोन दिवस खाली आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, जेवली, आणि सगळे ती गोष्ट विसरून गेले. मीसुद्धा.

वैशाखात, भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाल्यावर, ठकीचं काहीतरी बिघडलं. आधी माझ्या लक्षात आलं ते तिचं अंग. मांजर दिवसातून दहा वेळा स्वतःला चाटतं. ठकीनं चाटणं सोडलं होतं, पाठीवरचे केस गोधडीतल्या कापसासारखे गुठळ्या झाले होते. मग ती मान तिरकी करून खायला लागली. सुकटीचा तुकडा घ्यायची, उजवीकडे सरकवायची, मध्येच तो टाकून द्यायची आणि पंजानं गाल पुसायची. काही दिवसांनी तेही बंद. नुसती ताटलीपाशी यायची आणि मागं सरायची. आणि लाळ. हनुवटीवरून चिकट, दोऱ्यासारखी लाळ लोंबायची आणि तिला घाण वास यायचा.

नेमकी त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीत लाळ-खुरकत आल्याची बातमी आली. ज्यांच्या घरी बैल नाहीत त्यांच्यासाठी सांगते. या रोगात जनावराच्या तोंडाला फोड येतात, लाळ गळते, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात आणि ते उभं राहू शकत नाही. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधी बैल बसले तर खाचरात चिखलणी कशी करणार? म्हणजे वर्षाच्या भाताचाच प्रश्न. तेव्हा आबा घाबरले यात काही चूक नव्हतं. चूक झाली ती पुढं. एके सकाळी ते गोठ्यात गेले तर ठकी गव्हाणीत बसलेली, आणि तिची लाळ वैरणीवर टपटपत होती.

"इमे!" ते ओरडले. माझं नाव विमल, पण घरात मी इमीच. "ही मांजर भाईर काढ आदी. लाळ्या झालाय हिला."

"मांजराला लाळ्या?"

"मंग लाळ कशाची गळतीया? बैलाची गळती ती लाळ आन मांजराची गळती ते काय, गुलाबपाणी?"

शेजारचे धोंडूभाऊ ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. गावात कुणाचं मांजर नकोसं झालं की ते धोंडूभाऊंकडे जायचं. ते मांजर पोत्यात घालायचे, पोतं डोक्याभोवती तीनदा गरगर फिरवायचे म्हणजे मांजराची दिशा चुकते, आणि नदीपलीकडच्या माळावर सोडून यायचे. धडधाकट मांजर तिथं कसंतरी जगायचं. ज्याला तोंडानं काही खाता येत नाही ते जगणार नव्हतं. हे तिथं बसलेल्या सगळ्यांना कळत होतं.

"परवा जातोय मी तिकडं," धोंडूभाऊ म्हणाले. "देतो सोडून. पोतं तेवढं तुमचं द्या, माजं मागच्या बोक्यानं फाडलं."

मी ठकीला उचलून ओसरीवर आणलं, गुडघ्यांत धरलं, डावा हात डोक्यावर ठेवला आणि आबा करायचे तसा, पण बाहेरूनच, अंगठा ओठाच्या कोपऱ्यावरून सरकवला. तिनं फिस्कारून दोन ओरखडे काढले, पण ओठ वर गेला. उजव्या बाजूचा वरचा सुळा पांढरा, टोकदार, सुईसारखा. डाव्या बाजूचा अर्धा. टोक उडालेलं, आणि तुटलेल्या जागी मधोमध काळा ठिपका, शिसपेन्सिलीच्या टोकाएवढा. त्याच्या मुळाशी हिरडी जांभळी होऊन फुगलेली. वास तिथूनच येत होता.

"आबा, दात हाय तिचा," मी म्हणाले. "सुळा तुटलाय. बगा तुमी."

"मी मांजराचं दात बगू?" आबा हसले. धोंडूभाऊ इतके हसले की तंबाखू सांडली.

"बैलाचं बगता की."

"बैलाला इकत घेत्यात, पोरी. मांजराला कोन घेतंय?"

"आवो, तोंड उगडून बगायला काय जातंय? मी धरते."

"इमे, तोंड लय चालाया लागलं तुजं," आबा म्हणाले आणि वैरण बदलायला निघून गेले. मला तेव्हा वाटलं की त्यांना माझ्याकडून ऐकून घ्यायचं नाही, बाकी काही नाही. आणखी एक कारण होतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आत्या मात्र माझ्या बाजूनं होती. ही गोष्ट तिच्या स्वभावाला धरून नव्हती, पण तिच्या स्वतःच्या दाढा दुखायच्या आणि दात दुखणं म्हणजे काय हे तिला कळत होतं. तिनं फडताळातून लवंगतेलाची बाटली काढली. "ह्याचा बोळा लाव. मी लावते की. दुपारपत्तोर गप बसंल." मी कापसाचा बोळा भिजवून ठकीच्या हिरडीला लावला. गप बसणं दूरच. ठकी हातातून उसळली, भिंतीवर आपटली, आणि तोंडातून साबणासारखा पांढरा फेस काढत अंगणभर पळत सुटली. ते बघायला आबा, धोंडूभाऊ आणि पाणी भरायला आलेल्या दोन बाया हजर होत्या. मी मांजराला बरं करायला निघाले होते आणि सगळ्यांना खात्री पटवून दिली की मांजर मरायला टेकलं आहे. एक बाई म्हणाली, "पिसाळली की काय?" धोंडूभाऊंनी परवाचा बेत उद्यावर आणला.

मी चुकले होते, आणि ती चूक मी आज उघडपणे सांगते, कारण अजूनही लोक ती करतात. लवंगतेल मांजराला विषासारखं असतं. आणि त्याहून वाईट चूक त्या दुपारी आत्यानं केली. तिच्याजवळ डोकेदुखीच्या गोळ्या असत, पॅरासिटामॉलच्या. तिनं एक गोळी चुरडून दुधात घातली आणि वाटी ठकीपुढं ठेवली. ठकीनं दुधात जीभ घातली आणि तोंड झोंबलं म्हणून मागं सरली. ते दूध मोरीत गेलं. माणसाची ती साधी गोळी मांजराला पुरी मारते. म्हणजे ज्या दुखण्यासाठी गोळी दिली त्या दुखण्यानंच ठकी वाचली. आमच्या दवाखान्यात मी कपाटावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली आहे की घरातली कुठलीही गोळी मांजराला देऊ नये. तरी लोक देऊन येतात आणि वर "अर्धीच दिली" म्हणतात. तेव्हा मी त्यांना रागावते. डॉक्टर म्हणतात, "विमलताई, जरा हळू." मी हळू बोलत नाही.

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा पोतं दाराशी घडी करून ठेवलेलं होतं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "उद्या मी हिला लोणावळ्याला डॉक्टरकडं नेणार."

आबांचा घास हातातच राहिला. "कुनाला इचारून?"

"कुनालाच न्हाई."

"मांजराला डाक्टर!" आबा भिंतीकडे बघून म्हणाले, जणू पाखऱ्यालाच सांगत होते. "उद्या कोंबडीला चष्मा लावंल ही."

"डॉक्टरनं लाळ्या हाय म्हनून सांगितलं तर मी सोता ह्या पोत्यात घालीन तिला," मी म्हणाले. "सोता नदीपल्याड सोडून यीन. पन दात निगाला तर ती हितं ऱ्हानार. चुलीपाशी. आन धोंडूभाऊनं ह्या घरात पोतं आनायचं न्हाई."

पलीकडे बैल रवंथ करत होते. मग आईनं, जी सहसा आबांच्या पुढं बोलत नसे, कालवणाची पळी खाली ठेवली आणि म्हणाली, "बंगल्यावरच्या कुत्र्याचा दात काडला व्हता मागं. लोनावळ्याचा डाक्टर हाय. बाजारपेठंच्या मागं बसतो. काय उपाशी न्यावं लागतं म्हने जनावर." आणि पळी उचलून आबांना वाढलं. "घ्या. गार हुतंय."

सकाळी मी एका दुरडीत जुनं लुगडं घातलं, त्यात ठकी ठेवली, वर दुसरी दुरडी पालथी घालून काथ्यानं बांधली आणि निघाले. आबा दारातून बाजूला झाले नाहीत. मी दुरडी डोक्यावर घेतली आणि त्यांच्या खांद्याला घासून बाहेर पडले. बापाच्या अंगाला असं घासून जाणं ही आमच्या घरात तोवर न झालेली गोष्ट होती. मला वाटलं मागून हाक येईल. आली नाही. धोंडूभाऊ त्यांच्या अंगणात दात घासत होते. "काय गं, बाजारला कोंबडी?" त्यांनी विचारलं, सगळं माहीत असून. मी म्हणाले, "न्हाई भाऊ, दवाखान्यात मांजर. तुमी घासा, न्हाईतर तुमालाबी न्यावं लागंल."

मळवलीहून लोणावळा एकच स्टेशन. गाडीत ठकी घाट चढणाऱ्या इंजिनासारखी घुरघुरत होती आणि समोरची म्हातारी तिच्या वासानं नाक धरून बसली होती. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मनात एकच हिशोब चालू होता. डॉक्टर म्हणाला की लाळ्या, तर मला शब्द पाळावा लागणार. मी ते रागाच्या भरात बोलले होते, आणि पोतं दाराशीच होतं.

डॉक्टर पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, एका खोलीत बसायचे. मी दुरडी टेबलावर ठेवली आणि आधी तेच विचारलं. "डॉक्टर, हिला लाळ-खुरकत झालाय का? आधी तेवढं सांगा."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तिचे खूर बघू."

"मांजराला कुठं खूर असतात?"

"मग लाळ-खुरकत कुठून होणार? तो रोग दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा. गाय, बैल, शेळी, डुक्कर. मांजराला होत नाही. कुणी सांगितलं तुला?"

"जे बैलाचे दात बघतात त्यांनी," मी म्हणाले.

मी ठकीला गुडघ्यांत धरून तोंड उघडून दाखवलं. डॉक्टर आधी ठकीकडे बघत होते, मग माझ्या अंगठ्याकडे. "हे कुणी शिकवलं?" मी म्हणाले, "त्याच माणसानं." त्यांनी तुटलेल्या सुळ्यावरचा काळा ठिपका दाखवला आणि सांगितलं की दाताच्या आत मधोमध जिवंत नस असते, टोक तुटलं की ती उघडी पडते, मग हळूहळू आत घाण शिरते आणि मुळाशी पू होतो. त्याला महिना-दोन महिने लागतात. तोवर मांजर दाखवत नाही. "मांजर शेवटपर्यंत दुखणं लपवतं. खाणं सोडतं तेव्हा ते बरेच दिवस सोसत असतं." मग त्यांनी विचारलं, "दोन-तीन महिन्यांत तोंडावर मार लागला होता का? पडली? कुणी काही फेकून मारलं?"

मला अधोली आठवली. आबा का बघायला तयार नव्हते तेही तिथंच, त्या टेबलाशी, कळलं. पहिल्या दिवशीच त्यांना ती आठवली असणार.

"व्हय," मी म्हणाले. "लागला होता."

मग मी लवंगतेलाचं आणि गोळीचं सांगितलं. डॉक्टरांनी मला पाच मिनिटं जे झाडलं, ते मी पुढं हजार लोकांना तसंच्या तसं झाडलं आहे. त्यांचा मदतनीस त्या दिवशी आला नव्हता. त्यांनी सुई टोचून ठकीला झोपवलं आणि मला म्हणाले, "डोकं धर, मान सरळ ठेव. चक्कर आली तर आधी सांग, मग पड." मला चक्कर आली नाही. त्यांनी हिरडी बाजूला केली, एक बारीक, चपट्या टोकाचं हत्यार सुळ्याच्या कडेनं आत घालत, थोडं फिरवत, थांबत, पुन्हा फिरवत बराच वेळ काम केलं. घाईनं ओढला तर मूळ आत तुटून राहतं, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं सांगत होते. शेवटी चिमट्यानं सुळा निघाला. बाहेर दिसतो त्याच्या दुप्पट तो आत होता, केळफुलातल्या दांड्यासारखा बाकदार. मागोमाग पू आला. त्यांनी जागा धुतली, विरघळणाऱ्या दोऱ्याचे टाके घातले, आणि हातासरशी दाढांवर चढलेला पिवळा थर खरवडून काढला. आज आमच्याकडे यासाठी वेगळं यंत्र आहे, दाताचा एक्स-रे आहे, मांजराच्या श्वासावर नजर ठेवणारा पडदा आहे. तेव्हा त्या पडद्याच्या जागी मी होते; ठकीच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होते.

पैशाचं सांगत बसत नाही. आईनं निघताना कमरेची पिशवी सोडून हातात दिलं होतं ते पुरलं. मी निघाले तेव्हा डॉक्टरांनी सुळा कागदात गुंडाळून ठेवून घेतला. म्हणाले, इतका चांगला मुळासकट निघालेला रोज मिळत नाही. आणि मग म्हणाले, "शनिवारी काय करतेस?"

घरी आले तेव्हा आबा ओट्यावर होते. धोंडूभाऊही होते. मी दुरडी ओट्यावर टेकवली, वरची काढली. ठकी अर्धवट गुंगीत, जिभेचं टोक बाहेर, पण हनुवटी कोरडी.

"लाळ्या खुरवाल्या जनावरांनाच होतो, मांजराला न्हाई," मी म्हणाले. "दात व्हता. काडला. डॉक्टरनं इचारलं, मार लागला व्हता का. मी म्हनलं, व्हय. अधोलीचा."

आबांनी धोंडूभाऊंकडे बघितलं. धोंडूभाऊंनी तंबाखूकडे. मग आबा म्हणाले, "दूद चोरीत व्हती ती."

"तुमच्या अंगठ्यानं एकदा बगितलं असतं तर पोत्याचा इचारच करावा लागला नसता." एवढं बोलून मी दाराशी घडी घातलेलं पोतं उचललं आणि चुलीशेजारी ठकीसाठी अंथरलं. आत्या आतून म्हणाली, "आत्ता बरं झालं." आणि तेवढ्यात मालगाडी गेली, पण तिला शिवी द्यायचं ती विसरली.

आठवडाभर ठकीला बिनमिठाचं सुकटीचं पाणी आणि चिमटीनं कुस्करलेला भात. दहाव्या दिवशी तिनं माजघरातून उंदीर आणला आणि आबांच्या वहाणेत ठेवला. चार सुळ्यांपैकी एक गेला तरी मांजराचं अडत नाही. आबा मात्र अडले होते. शनिवारी मी लोणावळ्याला डॉक्टरांच्या मदतीला जायला लागले त्यावर ते जा म्हणाले नाहीत आणि नको म्हणाले नाहीत. धोंडूभाऊ गावात मला "मांजराची डाक्टरीण" म्हणायला लागले होते. मी त्यांना ओ द्यायचे.

चिखलणीच्या आधी दोन दिवस, मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. ठकी मधल्या भिंतीवर बसली होती. पलीकडून आबा आले. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. मी मान खाली घातलेलीच होती, म्हणून त्यांना वाटलं असावं की मला दिसत नाही. त्यांनी डावा हात ठकीच्या डोक्यावर ठेवला. उजव्या हाताचा अंगठा, सगळ्या पंचक्रोशीचा तो अंगठा, ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवला. फक्त एक गोष्ट ते विसरले. बैलाला तिथं मोकळी जागा असते, बैल चावत नाही. मांजराला अंगठा बाहेरून, ओठावरूनच फिरवायचा असतो.

ठकी कडकडून चावली.

आबा ओरडले, ठकी माळ्यावर गेली, पाखऱ्या बिचकला. मी तव्यावरची भाकरी उलटवली आणि मग उठले. आबा अंगठा उजेडात धरून बघत होते. नखाच्या बाजूला एक भोक. पोटाकडून दोन. दोन्ही बाजूंनी रक्त येत होतं. नखाच्या बाजूला दुसरं भोक जिथं असायला हवं होतं तिथं नुसता हिरडीचा दाब होता, गुळगुळीत. ते अंगठा फिरवून फिरवून बघत होते, बाजारात बघायचे तसं, एक डोळा बारीक करून.

"तीन," ते शेवटी म्हणाले.

"चौथा डॉक्टरकडं हाय," मी म्हणाले. "बसा हितं. साबनानं धुवायचंय, लय येळ. आन उद्या माज्याबरुबर इंजेक्शनला यायचं, दुरडीत घालून न्यायला लावू नका."

त्यांनी हात पुढं केला. मी पाणी ओतलं.